पाकिटाची मागची बाजू

सुमनबाईंच्या भाच्याचा, संदीपचा, फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या घरी ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. "बाई, आत्या गेली," एवढंच म्हणाला. तीन आठवड्यांपूर्वीच मी सुमनबाईंना परभणीच्या दवाखान्यात भेटून आले होते. हाताला सलाईन, आवाज खोल गेलेला, तरी बोलणं मात्र त्यांचंच. म्हणाल्या, "बाई, ते दोन खोके तुमच्याकडं घेऊन जा. आमच्या घरात कुणाला त्यातलं कळायचं न्हाई." मी म्हटलं, "बऱ्या होऊन घरी या आधी, मग बघू. काय घाई आहे?" त्यांनी मला चहा आणायला पाठवलं. मी कप घेऊन परत आले तर उशाशी एक जाड पाकीट चिकटवून तयार होतं. "जाताना एवढं पेटीत टाका," म्हणाल्या. मी टाकलं, पत्ता वाचला, हसले आणि बस पकडली. काय घाई आहे म्हणणाऱ्या माझ्या तोंडाला तेव्हाच कुलूप का लागलं नाही, असं आता रोज वाटतं.

त्या गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या. 'टपाल तिकिटं जमवण्याचा छंद असलेल्या माजी पोस्टमास्तर' असं छापलं होतं. मी पेपर टेबलावर आपटला. सुमनबाईंनी उभ्या आयुष्यात एक तिकीट जमवलं नाही. सोनपेठच्या पलीकडं आमचं गाव, तिथलं लहानसं पोस्ट त्यांनी तीस वर्षं सांभाळलं. निवृत्त होऊन जिंतूरला येईपर्यंत मी तिथल्याच शाळेवर शिकवत होते, त्यामुळं रोजचं जाणंयेणं. नवं माणूस कुणी 'तिकिटं जमवता का' विचारायचं, तेव्हा त्या चिडून म्हणायच्या, "तिकिटं मी दिवसभर विकायलेय, ती कशाला जमवू?" हे वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. पण छापणाऱ्याला गावात एक फोन करावासा वाटला नाही.

त्या जमवायच्या शिक्के, आणि तेही एकाच युद्धनौकेचे. जहाजाचं नाव मी लिहीत नाही, कारण 'गावभर करू नका' असं त्यांनीच बजावलं होतं. गावातला एक पोरगा नौदलात लागला आणि त्याचं पहिलं पत्र पोस्टात आलं, तिथून हे सुरू झालं. पाकिटावर कुठल्या गावाचा नाही, तर जहाजाचा गोल शिक्का. ज्याला एक ठरलेली जागा नाही त्याचाही शिक्का असतो, याचंच त्यांना नवल वाटलं. पत्र घरी पोहोचवून त्या त्याच्या आईकडून रिकामं पाकीट मागून घेऊन आल्या. मग धीर करून जहाजाच्या कप्तानालाच पत्र लिहिलं. सोबत आपल्याच पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट; 'यावर आपल्या जहाजाचा शिक्का मारून परत पाठवावे, ही विनंती.' पाच महिने काही नाही. सहाव्या महिन्यात सोनपेठहून एसटीनं आलेल्या थैलीतून ते पाकीट निघालं. त्या दिवशी त्यांनी पोस्टात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला.

तेव्हापासून ते चाललं. कप्तान बदलत गेले, यांचं पत्र बदललं नाही. पाकीट रिकामं असलं की टपालाच्या यंत्रात चुरगळतं आणि शिक्का फिसकटतो, म्हणून आत लग्नपत्रिकेचा जाड तुकडा कापून घालायच्या. गावातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका अशा समुद्रावर जाऊन आल्या. झाकण चिकटवायचं नाही, नुसतं आत खोचायचं. आणि पाकीट परत आलं की मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, आपल्या पोस्टाचा त्या तारखेचा शिक्का. पुढं युद्धनौका, मागं आमचं गाव! अशा पाकिटांनी दोन खोके भरले. मला दाखवायच्या आधी मात्र हुकूम सुटायचा, "बाई, हात धुवा अगोदर. खडू लागलाय तुमच्या बोटाला." मी मुख्याध्यापिका झाले, तरी त्यांच्याकडं हात धुऊनच बसत होते.

गाव हसायचं. "पोस्टमास्तरबाईला जहाजाचं याड लागलंय," हे त्यांच्या तोंडावर म्हणणारे होते. एकदा त्या जहाजावरच्या अधिकाऱ्यानं पत्र पाठवलं, की जहाज मुंबईला लागणार आहे, लोकांना बघायला खुलं असेल, आपण यावं. समुद्र न पाहिलेली बाई ती. रजा घ्यायची तर आपल्या जागी बसायला माणूस आपणच द्यायचा, हा त्यांच्या नोकरीचा नियम. दोन दिवसांसाठी गावातला एकही जण बसायला तयार झाला नाही. ज्यांच्या मनिऑर्डरी यांनी घरपोच नेऊन दिल्या, ज्यांची पत्रं वाचून दाखवली, त्यांतल्या एकालाही सवड नव्हती. सुमनबाईंनी त्या दिवशीही एक पाकीटच पाठवलं. माझा मात्र अजून संताप होतो, आणि हे वाचणाऱ्यांत ती माणसं असतील तर त्यांनी जरूर वाचावं.

सुमनबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मी गेले. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. मग संदीप काचेची एक मोठी फ्रेम घेऊन पुढं आला. सुमनबाईंनी याला पोटच्या पोरासारखा वाढवलेला. फ्रेममध्ये जहाज होतं. डोलकाठी, तोफा, खाली निळ्या लाटा... सगळं टपाल तिकिटं चिकटवून केलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, "पाकिटं कुठंयत?"

"तिकिटं काढून घेतली ना बाई. पाकिटं नुसती रिकामीच होती... दिली रद्दीत."

"शिक्के?"

"ते डाग? पाण्यात भिजवल्यावर बरेचसे गेले. जे न्हाई गेले ते कातरून काढले. बाई, चार दिवस लागून करायलो होतो."

सगळ्या पाहुण्यांसमोर मी त्याला नको नको ते बोलले. आत्याच्या तीस वर्षांवर पाणी ओतलंस म्हटलं. तो फ्रेम छातीशी धरून उभा होता, डोळे भरलेले. मग हळूच म्हणाला, "तुमीच शिकवलं होतं की, बाई. चौथीत. कोमट पाण्यात पाकीट ठेवायचं, तिकीट आपोआप सुटतं, मग चिकटकाम करायचं. माझं जहाज तुमी भिंतीवर लावलं होतं."

लावलं होतं. आठवलं मला. शाबासकीसुद्धा दिली होती. आणि वर्षभरातच सुमनबाईंकडं बसून पाकिटं पाहताना 'किती सुंदर' म्हणत होते. शिक्का म्हणजे काय, तो का जपायचा, हे त्या वर्गातल्या एकाही पोराला सांगावंसं मला वाटलं नाही. खोके घेऊन जा म्हटल्यावर नेले नाहीत ते मीच. पेपरवाल्यावर चिडले, गावावर चिडले, पोरावर चिडले... रागाची खरी वाटेकरीण आरशात दिसत होती. तरीही त्याच्याशी न बोलता मी परत आले. राग मोठा हट्टी असतो माझा.

गेल्या आठवड्यात जिंतूरच्या घरी पोस्टमन आला. पाकिटावर माझं नाव, माझा पत्ता, आणि अक्षर सुमनबाईंचं. तिकिटावर शिक्का, बाजूला जहाजाचा गोल शिक्का, आणि त्याखाली कुणीतरी टाइप करून चिकटवलेली ओळ, 'सेवेतला अखेरचा दिवस'. जहाज निवृत्त झालं होतं. दवाखान्यात मी चहा आणायला गेले तेवढ्यात त्यांनी कप्तानाला जाणाऱ्या जाड पाकिटाच्या आतल्या पाकिटावर स्वतःच्या ऐवजी माझा पत्ता घातला होता, आणि ते पेटीत टाकायला मलाच दिलं होतं. खोके नेत नाही म्हटल्यावर त्या वाद घालत बसल्या नाहीत, आपलं काम करून मोकळ्या झाल्या. झाकण चिकटवलेलं नव्हतं, खोचलेलं होतं. आत लग्नपत्रिकेचा तुकडा. बाकी काही नाही, एक शब्दसुद्धा नाही. मागची बाजू कोरी.

ती कोरी बाजू मी तीन दिवस बघत होते. चौथ्या दिवशी संदीपचा फोन आला. पाकीट आल्याचं त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. म्हणाला, "बाई, मला एकदा बघू द्याल का?" माझ्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं.

"ये," मी म्हटलं. "दोघं मिळून गावच्या पोस्टात जाऊ. मागं शिक्का मारायचा राहिलाय. आणि पाकिटाला शिवायच्या अगोदर हात धू."