यादीत नसलेलं कारण

शिंदेमामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लेथ मशीनच्या बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. लेथ रिकामी फिरत होती. तापानं फणफणलेल्या लेकराच्या छातीला कान लावावा, तसे ते ऐकत होते.

तेवढ्यात शेजारचा कॉम्प्युटरचा पडदा लाल झाला. सगळी मशीनं आम्ही ऑफिसच्या सॉफ्टवेअरला जोडली, तेव्हापासून काम थांबलं की पडदा लाल होऊन कारण विचारतो. वीज नाही, माल नाही, टूल बदल, कामगार जागेवर नाही. ही यादी मीच केली, ऑफिसात बसून, एका दुपारी.

"मामा, काय दाबता?"

"चौथं. ऐकत होतो, असं कुठंय तुमच्याकडं?"

आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं 'कामगार जागेवर नाही' दाबलं.

त्यांच्या लेथचं बेअरिंग आजवर कधी अचानक गेलं नाही. पण न झालेला बिघाड पडद्यावर दिसत नाही. दिसतं ते फक्त थांबणं. यादी आता मुख्य कार्यालयाच्या ताब्यात आहे; तीत एक ओळ वाढवा, म्हणून मी तिकडं तीनदा लिहिलं. उत्तर नाही. कामावरून कमी करायच्या माणसांची नावं आता याच नोंदींवरून निघणार आहेत, आणि सगळ्यात जास्त वेळ जागेवर नसलेला माणूस म्हणजे शिंदेमामा. कुणाला सांगू? काय सांगू?

पडदा हिरवा झाला. मामा पुन्हा कामाला लागले. मी खाली बघत राहिलो. ते उभे राहतात त्या लाकडी फळीला दोन पावलांचे खळगे पडले आहेत.