अजून केसभर

जुनी लाकडी घरं सरळ करणाऱ्या त्या माणसाला सगळे लेव्हलवाले काका म्हणत. घराखालचे खांब खचले की काका पोटावर सरपटत आत शिरायचे, जॅक लावून तुळई उचलायचे आणि खांबाच्या डोक्यावर पाचर ठोकायचे. काम चोख, जीभ तिखट. पण प्रत्येक घर ते केसभर तिरकंच सोडायचे.

आजही घरमालकाने लेव्हलची पट्टी घरातल्या जमिनीवर ठेवली आणि तिच्या काचनळीतला बुडबुडा पाहून नाक मुरडलं. "बुडबुडा मधोमध नाही हो काका. अजून केसभर उचला की!"

"घर पडत नाही ना? मग झालं. गोट्या खेळायच्या असतील तर मैदानात जा," काका खेकसले आणि अवजारं आवरू लागले.

काकांचा धाकटा भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हा वर लेव्हल धरून काका बसायचे आणि खाली जॅकवर तो असायचा. त्या शेवटच्या दिवशी तो खालून ओरडला होता, "दादा, बास! जॅक कलतोय."

बुडबुड्यावरची नजर न काढता दादा म्हणाला होता, "रडू नकोस रे. अजून केसभर."

भावाने दादाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्याने जॅकचा दांडा आणखी एकदा दाबला.