मामांचं एकमेव वचन

देवाच्या वचनांवर आमच्या पाळकमामांइतका गाढ विश्वास असलेला, आणि स्वतःच्या वचनावर इतका कमी विश्वास असलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा सापडणार नाही. आईचे हे चुलतभाऊ मेढ्याकडच्या एका लहानशा चर्चमध्ये उपदेश करतात. विषय कायम एकच: देव जे बोलतो ते पुरं करायला तो समर्थ आहे. मूठ आपटून हे सांगणारे मामा व्यासपीठावरून खाली उतरले, की "उद्या येतो" एवढंही म्हणत नाहीत. "बघू. शबुद पाळणं त्याचं काम, आपलं न्हवं." कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, तर "पोचलो तर उंब्रज." लग्न लावतानाही शपथेआधी थांबून काळजीनं विचारतात, "नक्की ना? घाई न्हाई." एक नवरामुलगा यावर खरोखरच विचारात पडला. त्याच्या सासऱ्यांनी पुढे बरेच दिवस मामांना सलाम केला नाही.

मग मिरजेला आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. भेटायला येणारा प्रत्येक जण "काही होणार नाही" म्हणत होता. आत न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हा आईनं मामांचा हात धरला.

"दादा, तू सांग. मी बाहेर येईन ना?"

एकदाच खोटं बोला, मामा, असं मी मनात म्हणत होते.

"ते मला ठावं न्हाई गं," मामा म्हणाले.

आईचा हात सैल पडला. मला त्यांचा भयंकर राग आला. तेवढ्यात ते तिच्यावर वाकले. "पण तुला भाईर आणतील तवा मी दारात असीन. वचन देतो."

स्ट्रेचर आत गेलं आणि मामा दारासमोर उभे राहिले. चहा नाही, बसणं नाही.

"आवं बाबा, रस्त्यात खांबावानी काय हुबं ऱ्हायलाय?" वॉर्डबॉय खेकसला.

"वचन दिलंय, गड्या."

ऊन भिंतीवरून उतरत गेलं, आतून काहीच कळेना. मामांचे पाय कापत होते, ओठ हलत होते; प्रार्थना आईसाठी होती की त्या पायांसाठी, कोण जाणे. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, देवाला कसं जमत आसंल गं ह्ये?"

शेवटी नर्स आली. "तुमच्या पेशंटला मागच्या दारानं आयसीयूत नेतायत."

मामा धावले. मागे राहिलेली त्यांची चप्पल उचलून मीही धावले. आम्ही पोचलो तेव्हा स्ट्रेचर दारात होतं. आईच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. "आलो गं," मामा धापा टाकत म्हणाले. तिनं पाहिलं नाही.

ती बोलू लागल्यावर त्यांनी अपराध्यासारखं विचारलं, "मी दिसलो का?"

"नाही," आई म्हणाली. "पण होतास ना."

आता मामा थकलेत. नाताळला जेवायला बोलावलं, की फोनवर अजूनही "बघू"च म्हणतात. आई पुन्हा विचारत नाही. त्यांच्या वाटणीचे तांदूळ धुऊन ठेवते. फक्त, फाटक वाजेपर्यंत कुकर लावत नाही.