लाल ठिपके

“आधी बॉनेट उघडा, मग तोंड.” गाडीबद्दल कुणी शहाणपण शिकवायला लागलं की आमच्या शेजारच्या बाईंचं हे वाक्य ठरलेलं. पदर तोवर कमरेला खोचलेला असायचा.

इंदिरानगरात आमची घरं लागून होती. बाई दिंडोरीच्या पुढे एका खेड्यात शिक्षिका. तिकडे शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून नवरा वारल्यावर त्याची जुनी पांढरी गाडी त्या स्वतः चालवू लागल्या. गाडी गेली की नोकरी गेली, हे त्यांना माहीत होतं आणि गल्लीलाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाडी आधी धक्के खाऊ लागली, मग एका शनिवारी सुरूच होईना. बातमी देवळ्याला, त्यांच्या सासरी पोचली. रविवारी सकाळी त्यांचे दीर जीप आणि जाड दोर घेऊन हजर.

“वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाय. ओढून नेतो. गिऱ्हाईकपण बघून ठेवलंय.”

“भाऊजी, चहा घ्या. प्लग झिजलेत. नवे आणलेत, बदलते.”

हत्यारं मांडायला त्यांनी माझ्याकडे कागद मागितले. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात स्त्रीमुक्तीच्या पत्रकांचे गठ्ठे पडलेले असायचे, तेच दिले.

“चांगला जाड कागद वापरता गं तुम्ही,” असं म्हणत बाईंनी ‘भगिनींनो, जाग्या व्हा’ या मथळ्यावर पाना ठेवला.

चूक त्यानंतर झाली. कुठली वायर कुठल्या प्लगची हे न बघता त्यांनी चारही वायरी एकदम उपटल्या. काळे पडलेले प्लग काढले, नवे हाताने बसवून पान्याने आवळले, वायरी खोचल्या आणि किल्ली फिरवली. असा बार निघाला की समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली.

“दिवाळी लय लवकर आली, वहिनी!” दीर हसले आणि दोर बांधायला वाकले.

“दोराला हात लावू नका.” आवाज वर्गातला होता. “वायरींची अदलाबदल झालीय, एवढंच.”

एकेक वायर त्यांनी ताणून पाहिली. लांब वायर लांबच्या प्लगची, आखूड जवळची. कपाळाला काळं लागलं, ते तसंच राहू दिलं. पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

बाई आत जाऊन कुंकवाची बाटली घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून ती कपाटात पडून होती. काडीने त्यांनी पहिल्या वायरीवर एक ठिपका दिला, पुढचीवर दोन, मग तीन, मग चार.

“वहिनी, कुंकू?” दीर चपापले.

“पक्कं लाल आहे. आता वायरी चुकणार नाहीत.”

कुंकू कुणी, कुठे लावायचं हे ठरवणारी बरीच मंडळी तोवर फाटकाशी जमली होती. ती एकेक करून पांगली. दिरांनी दोर गुंडाळला.

पुढे प्लग बाईच बदलायच्या, आणि दर वेळी ठिपके नव्याने द्यायच्या. शाळा त्यांनी सोडली नाही.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना त्या गेल्या. तेरावं झाल्यावर दीर गाडी न्यायला आले. किल्ली माझ्याकडे होती, ती दिली. त्यांनी आधी बॉनेट उघडलं. ठिपके ताजे होते. त्यांनी वाकून ते बोटाने एकेक मोजले.

“दोर नाही आणलात?” मी विचारलं.

“कशाला?” बॉनेट हलकेच बंद करत ते म्हणाले, “वहिनीची गाडी हाय. चालवत नेतो.”