परबांचा फ्लेक्स आणि भूगोलाचे सहा पेपर

चार वाजून वीस मिनिटांनी काउंटरवर मृणाल परबचा दुसरा फॉर्म आला. पहिला दुपारीच आला होता. मुलगी तीच, सही तीच, विषय मात्र वेगळे. आणि पाच वाजता मला लिस्ट प्रिन्सिपलांकडे पाठवायची होती.

मी मुलुंडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात होते. टायपिस्ट म्हणून लागले, हेड क्लार्क म्हणून रिटायर झाले. मधलं सगळं काउंटरवर उभी राहून शिकले, बसवून कोणी शिकवलं नाही. तर आधी हे सांगते. टी.वाय.बी.ए.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, सहा पेपर असायचे. सहाही एकाच विषयाचे घेतले तर सिंगल मेजर. दोन विषयांचे तीन-तीन घेतले तर डबल मेजर. एवढंच आहे ते. पण निम्म्या पालकांना वाटायचं, डबल म्हणजे दोन डिग्र्या.

मृणालच्या पहिल्या फॉर्मवर सहाही पेपर पॉलिटिकल सायन्स. दुसऱ्यावर तीन पॉलिटिकल, तीन जिऑग्राफी.

“काय गं, हे काय चाललंय?”

“मॅडम, मला लॉ करायचंय. पण मला जिऑग्राफी आवडते ना! बाबा म्हणतात, वकिलाला पॉलिटिकलच लागतं. म्हणून अर्धं त्यांचं, अर्धं माझं.”

“कलिंगड कापल्यासारखं?”

ती हसली नाही. तेव्हा मी तिची मार्कशीट काढली. खरं तर ती आधीच काढायला हवी होती. जिऑग्राफीत एकाहत्तर. पॉलिटिकलमध्ये अडतीस.

आता ऐका. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही विषयाची डिग्री चालते. सीईटी द्यावी लागते आणि डिग्रीला ठरावीक टक्के असावे लागतात. त्याच्या खाली गेलात की दार बंद. अडतीसवाल्या विषयाचे सहा पेपर घेऊन ही पोरगी लॉसाठी लॉलाच मुकली असती. तीन घेतले असते तरी धाकधूक होतीच.

“बाबा कुठेत?”

“गेटवर. मरोळहून हाफ डे टाकून आलेत. पण ते ऐकणार नाहीत मॅडम, त्यांनी फ्लेक्स लावलाय.”

“कसला?”

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. सोसायटीच्या गेटला हा मोठा फ्लेक्स! ‘भावी वकील कु. मृणाल परब, बी.ए. (पॉलिटिकल सायन्स)’. खाली शुभेच्छुक म्हणून अकरा काकांचे फोटो, त्यातले एक गॉगल लावून. मी मनात म्हटलं, वाट लागली. अकरा काका एकदा फ्लेक्सवर चढले की त्यांना उतरवणार कोण?

परबांना आत बोलावलं. मार्कशीट दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “मार्क काय, वाढतीत. पण मॅडम, वकिलाक भूगोल कित्याक व्हयो?”

मी विचारलं, “परब, गावाला जमिनीची केस आहे ना तुमची?”

“तुमका कोणी सांगला?”

“सांगायला कशाला हवं? मी पण तिकडची, कोकणातलीच. केस नाही असं घर आहे का तिकडे? किती वर्षं झाली?”

“ही जन्माक येवच्या आधीपासून.”

“एवढ्या वर्षांत वकिलाने तुम्हाला नकाशा कधी समजावून दिला?”

परबांनी खिशातून मोबाइल काढला.

मोजणीचा नकाशा, म्हणजे सरकारी मोजणीवाले जमिनीची हद्द आखून देतात तो, त्यांच्या मोबाइलमध्ये होताच. केसवाल्या माणसाच्या मोबाइलमध्ये तो असतोच, देवाच्या फोटोशेजारी. मृणालने मोबाइल घेतला, आडवा केला, नकाशा बोटांनी मोठा केला.

“बाबा, ही उत्तर. हा आपला बांध. विहीर बांधाच्या आत, म्हणजे आपली.”

“बघा!” परब मला म्हणाले. छाती फुगली होती.

“आणि फणस बांधाच्या पलीकडे. तो शांतारामकाकांचा.”

शांतारामकाका म्हणजे केसमधली समोरची पार्टी. बारावे काका. फ्लेक्सवर नव्हते ते.

“माझ्या आजान लावलेलो फणस?”

“लावला असेल. पण त्यांच्या हद्दीत लावला.”

परबांनी मोबाइल उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. फणस काही जागचा हलला नाही. पाचला सात मिनिटं होती.

शेवटी ते म्हणाले, “मॅडम, हिका भूगोलच द्या. सहाच्या सहा. पण ही केस हिच्याकडे देवची नाय!”

फॉर्म बदलायचा तर पालकांच्या सहीचा अर्ज लागायचा. मी तिथल्या तिथे टाइप केला, परबांनी सही ठोकली, लिस्ट वेळेवर गेली. फ्लेक्सवरच्या पॉलिटिकल सायन्सवर त्यांनी कागद चिकटवला म्हणे. कागद जरा मोठा झाला, त्यात गॉगलवाल्या काकांची हनुवटी गेली.

मृणाल आता वकील आहे. जमिनीचीच कामं जास्त करते. गावची केस शेवटी तिनेच मिटवली, कोर्टाबाहेर. विहीर परबांची, फणस शांतारामकाकांचा.

तेव्हा वकील व्हायला कुठला मेजर घ्यावा असं कोणी विचारलं, तर मी म्हणते, आधी मार्कशीट दाखवा. आणि फ्लेक्स सगळ्यात शेवटी छापा.

दर मे महिन्यात परबांकडून माझ्या घरी एक फणस येतो. कुठल्या झाडाचा, ते मी विचारत नाही.