गल्ल्याची किल्ली आणि माझी बहीण

लिही. तुझ्या मावशीआजीबद्दल लिही, माझ्या धाकट्या बहिणीबद्दल. शिवणाच्या सामानाचं दुकान चालवते, पस्तीस वर्षं झाली. कापडाचा तुकडा हातात घेतला की त्याच रंगाचं रीळ न शोधता काढून देते. हुशारीत कमी नाही. पण त्या किल्लीपायी माझा जीव खाल्ला बघ तिने.

झालं काय, दोऱ्यावरचा टॅक्स उतरला. चेनींवरचा होता तोच राहिला. मग गल्ल्याच्या मशीनमध्ये दोऱ्याचा नवा दर भरायला हवा. दुपारी शिंपीदादा यायचे होते, शाळेच्या दोनशे गणवेशांसाठी दोरे न्यायला. त्यांनी आधीच बजावलं होतं, "ताई, नव्या दराचं बिल पाहिजे. जुनं दिलंत तर चौकातल्या मोठ्या दुकानात जातो. राग मानू नका." तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक ते! ते गेले की बाकीचे शिंपीही त्यांच्यामागे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला फोन करून बोलावलं, जशी काही मी मशीन शिकूनच आलेय.

गेले. ही स्टुलावर बसून आकडे दाबतेय. किल्ली फिरवली, दर घातला, दोऱ्याचं बटण दाबलं. बिल काढून बघितलं, तर दर जुनाच! पुन्हा केलं. जुनाच. चौथ्या वेळी तिने मशीनला थापडच दिली.

"मेलं, डूख धरून बसलंय माझ्यावर!"

मशीनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, शेवटी ते मोठं बटण दाबायचं, मग किल्ली काढायची."

"तेच तर करतेय रे बाबा सकाळपासून!"

कसलं काय. मी शेजारी उभी राहून बघितलं. दर घातला रे घातला की हिचा डावा हात आपोआप जायचा, किल्ली काढून कमरेला खोचायचा. मोठं बटण त्यानंतर. मशीन बिचारं तोवर सगळं विसरून मोकळं.

"अगं बये, आधीच किल्ली का काढतेस?"

"कुठे काढली?"

"मग कमरेला काय लटकतंय, माझं डोकं?"

तिचंही खोटं नाही म्हणा. दुकान नवं होतं तेव्हा गल्ल्याला किल्ली तशीच ठेवून ती दारातल्या बाईला लेस दाखवायला गेली. परत येते तर गल्ला रिकामा. तेव्हापासून कुठल्याच कुलपाला किल्ली राहू देत नाही. नवऱ्याला कपाटातला सदरा हवा असला तर दुकानात निरोप धाडावा लागायचा!

तेवढ्यात शिंपीदादा दारात. मी तिचा डावा हात घट्ट धरला.

"सोड, दुखतंय."

"दुखू दे. दर घाल. हां, आता मोठं बटण."

"किल्ली तशीच आहे गं! कोणी आलं म्हणजे?"

"शिंपीदादा आलेत. ते काय गल्ला पळवणार आहेत?"

"आधी बिल बघू द्या," दादा म्हणाले, "मग ठरवतो."

दाबलं एकदाचं. मी हात सोडायच्या आत किल्ली कमरेला! बिल आलं. दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि दोऱ्यांची पिशवी उचलली. "पुढच्या आठवड्यात काळ्या दोऱ्याचा डबा काढून ठेवा, ताई."

आणि ही मला म्हणते कशी, "बघ, एक थापड दिल्याबरोबर कसं सरळ झालं!"