ब्रेकमास्तरांचा पाय

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भिंतीच्या दिशेने निघाला, की शेजारी बसलेल्या मास्तरांनी तो दाबायचा. या मास्तरांनी तो इतकी वर्षं दाबला, की लोक त्यांना ब्रेकमास्तरच म्हणू लागले. पाय घरीही स्वस्थ बसत नसे. बायकोने चहा जरा जोरात ओतला, की टेबलाखाली ब्रेक लागलाच! चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आला, की पुढच्या बाकाला दणका बसे. त्या बाकावरच्या आजीबाई आता पाठीशी उशी घेऊनच येत.

तसे मास्तर भाविक. रोज सकाळी प्रार्थना करायचे, "प्रभू, माझ्या आयुष्याची गाडी तूच चालव." ही प्रार्थना त्यांना सोपी जाई, कारण गाडी कुठे जायचीच नव्हती.

मग चर्चच्या मंडळीने डोंगरावरच्या वस्त्यांसाठी एक जुनी व्हॅन घेतली. औषधं न्यायला नर्स होती, म्हणजे मास्तरांचीच बायको. चालवणारा मात्र कोणी नव्हता. पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या आणि मास्तरांची नजर स्वतःच्या बुटांकडे. खरी गोष्ट अशी, की स्टिअरिंग हातात घेतलं की त्यांचे हात थरथरत. शेजारी ब्रेक घेऊन बसायला दुसरे मास्तर कुठून आणायचे?

"मी चालवीन," बायको उठून म्हणाली. "हे शिकवतील."

मास्तरांनी त्याच आठवड्यात व्हॅनला दुसरा ब्रेक बसवून घेतला.

एका दुपारी वरच्या वस्तीतून फोन आला. एक पोरगी सकाळपासून अडली होती, पहिलंच बाळंतपण. दोघं निघाली. शेवटचा चढ निसरडा होता, न थांबता एका दमात चढला तरच चढायचा. बायकोने वेग घेतला, वळण आलं, मास्तरांची पाचावर धारण बसली आणि पाय खाली गेला. गाडी बंद पडून मागे घसरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

बायकोने हँडब्रेक ओढला. "अहो, तुमचा देवावर विश्वास आहे ना?"

"देवावर आहे गं. तुझ्या दुसऱ्या गिअरवर नाही."

"ती पोरगी मरेल हो तिथे." तिचे डोळे भरले होते. "तो ब्रेक उपटून फेकू का मी?"

वरून एक किंकाळी ऐकू आली. मास्तरांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. रोजची प्रार्थना आठवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तो असतानाच पाय उचलायचा."

त्यांनी बूट काढले, सीटवर मांडी घातली आणि डोळे गच्च मिटले. "प्रभू, आता तू आणि ही, काय ते बघा." व्हॅन ओरडली, घसरली, दगडावर आपटली आणि वर गेली. वाटेत मास्तरांनी देवाला इतक्या हाका मारल्या, की वस्तीतली कुत्री भुंकू लागली.

बाळ झालं, आईही वाचली. आनंदाने वेडा झालेला बाप मिठी मारायला धावला, पण मास्तरांना खाली उतरताच येईना. मांडी अडकली होती. शेवटी त्या बापानेच त्यांना तसंच उचलून अंगणात ठेवलं.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "नदीपलीकडच्या वस्तीलाही औषधं हवी आहेत. नर्सबाई तिथे औषधं वाटत बसल्या, तर डोंगरावर व्हॅन कोण नेणार?"

त्याच क्षणी आजीबाईंच्या बाकाला सणसणीत दणका बसला. उशी खाली पडली. "मास्तर, पुरे झालं आता!" म्हणत त्या रागाने मागे वळल्या.

मास्तर हात वर करून उभे होते. "मी नेईन," ते म्हणत होते आणि हात थरथरत होता.

बाकाला पाय लावून बसली होती ती त्यांची बायको.